पावणेदोन भागिले अर्धा : एका प्रतिक्रियेला उत्तर

गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी सेवेत असतानाच आपापल्या विषयाच्या शिक्षणाचा पदव्युत्तर अभ्यास करावा, या माझ्या लेखातील आग्रहावर आपण सविस्तर आक्षेप घेतलेत, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : २२ वर्षे फळ्यासमोर उभे राहून जे कळते ते दोन वर्षांच्या पदवीतून कळत नाही; शिकायचेच असेल तर शुद्ध गणित किंवा भौतिकशास्त्र शिकावे, 'शिक्षण' नव्हे; आणि बहुतेकांना ही पदवी केवळ वेतनवाढीसाठी हवी असते.

शेवटचा आक्षेप मला मान्य आहे. शिक्षकाकडे पदव्युत्तर पदवी आहे की नाही, एवढ्यावरून त्याच्या विद्यार्थ्यांच्या प्रगतीत फारसा फरक पडत नाही, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. मी स्वतः सेवेत असताना हा अभ्यास केला, तेव्हा एक संपूर्ण सत्र संशोधनपद्धतीच्या व्याख्या पाठ करण्यात गेले आणि त्यातील एकही व्याख्या माझ्या वर्गापर्यंत पोहोचली नाही. म्हणून माझा आग्रह पदवीसाठी नाही. तो एका विशिष्ट प्रकारच्या अभ्यासासाठी आहे, आणि तो प्रकार माझ्या लेखात पुरेसा स्पष्ट झाला नाही, ही उणीव आपण दाखवून दिलीत.

तो प्रकार एका उदाहरणाने सांगतो. गणितशिक्षणाच्या अभ्यासक लिपिंग मा यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील २३ आणि चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षकांना १ ३/४ ÷ १/२ हे उदाहरण सोडवायला आणि त्यावर एक शाब्दिक उदाहरण रचायला सांगितले होते. अमेरिकन शिक्षकांपैकी केवळ ९ जणांचे उत्तर पूर्णपणे बरोबर आले, आणि अर्थाला धरून शाब्दिक उदाहरण रचणारा शिक्षक एकच निघाला. चिनी शिक्षकांपैकी सर्वांची उत्तरे बरोबर आली आणि बहुतेकांनी योग्य उदाहरणेही रचली. आपल्या भाषेतही हा प्रश्न तितकाच निसरडा आहे, कारण 'अर्ध्याने भागा' हे शब्द ऐकताच मन 'अर्धे करा' असे ऐकते. मग पावणेदोन भाकऱ्या दोघांत वाटण्याचे उदाहरण तयार होते, जे प्रत्यक्षात दोनने भागणे असते. खरा प्रश्न असा आहे की, पावणेदोन मीटर कापडातून अर्ध्या मीटरचे किती तुकडे निघतील. त्याचे उत्तर साडेतीन.

इथे एखादी मुलगी 'सव्वातीन' असे उत्तर देते. तीन पूर्ण तुकडे निघाले आणि पाव मीटर कापड उरले, हे तिने अगदी अचूक पाहिलेले असते. तो उरलेला पाव मीटर म्हणजे अर्ध्या तुकड्याएवढा आहे, एवढेच तिच्या लक्षात आलेले नसते. 'उलट करून गुणा' ही रीत पक्की असलेला शिक्षक त्या उत्तरावर फुली मारून पुढे जातो. ज्याने अपूर्णांकातील एककाचा प्रश्न नीट अभ्यासलेला आहे, तो विचारतो, "हा पाव कशाचा पाव आहे?" हा प्रश्न शुद्ध गणिताच्या एम.एस्सी.त कोणी शिकवत नाही आणि सर्वसाधारण शिक्षणशास्त्रातही शिकवत नाही. १९८६ मध्ये अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी विषयज्ञान आणि अध्यापनकौशल्य यांच्या मधल्या ज्या ज्ञानाकडे लक्ष वेधले, ते हे ज्ञान.

शुद्ध गणितच शिकावे, या आपल्या सूचनेमागचा आदर मी समजू शकतो, कारण विषय कच्चा असलेला शिक्षक कोणत्याही अध्यापनपद्धतीने सावरत नाही. परंतु फेलिक्स क्लाइन यांच्यासारख्या मोठ्या गणितज्ञाने शिक्षकांसाठी दिलेल्या व्याख्यानांत १९०८ मध्येच एका दुहेरी तुटलेपणाची तक्रार मांडली होती : विद्यापीठात आलेल्या विद्यार्थ्याला शाळेतले गणित विसरावे लागते, आणि शिक्षक होऊन शाळेत परतला की तो विद्यापीठातले गणित विसरतो. या दोन्हींना जोडणारा पूल वेगळा बांधावा लागतो; तो केवळ वरच्या पायऱ्या चढत गेल्याने बांधला जात नाही.

आता अनुभवाबद्दल. आपल्या २२ वर्षांविषयी मला आदर आहे, आणि वर्ग सांभाळण्याची, मुलांचा चेहरा वाचण्याची, वेळेचा अंदाज घेण्याची जी समज अनुभवातून येते, ती कोणत्याही अभ्यासक्रमातून येत नाही. पण चूक झाली की ती आपल्याला दिसते, अशा ठिकाणीच अनुभव शिकवतो. वर फेकलेल्या चेंडूचे उदाहरण घ्या. वेग, काळ आणि उंची यांची गणिते अचूक सोडवणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांना मनातून असे वाटत असते की हाताने दिलेला जोर चेंडूत भरलेला असतो, तो हळूहळू संपतो, आणि सर्वांत उंच बिंदूवर चेंडूवर कोणतेही बल नसते. प्रत्यक्षात हातातून सुटल्यापासून त्याच्यावर खाली ओढणारे गुरुत्वबल सतत असते. परीक्षेत तसा प्रश्न येत नाही, म्हणून ही समजूत उघडी पडत नाही आणि शिक्षकाला वर्षानुवर्षे आपले शिकवणे पोहोचले असेच वाटत राहते. भौतिकशास्त्राच्या शिक्षणाचे अभ्यासक इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेनेस यांनी १९८५ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अशाच समजुती तपासल्या, तेव्हा अगदी भिन्न शैलीच्या चार प्राध्यापकांच्या विद्यार्थ्यांमध्ये मूलभूत समजेतील वाढ जवळजवळ सारखीच, म्हणजे अल्प, आढळली. चांगला वक्ता असण्यानेही तिथे फरक पडला नव्हता. हे वाचल्यानंतर मी माझ्या वर्गात चेंडूचा प्रश्न आकडे न देता, वर जाणाऱ्या चेंडूवरील बल केवळ बाण काढून दाखवायला सांगून विचारला, आणि पहिल्या रांगेतील हुशार मुलांच्या वह्यांतही वर जाणारा बाण पाहून मला त्या रात्री झोप लागली नाही.

आपण योग्य शंका घ्याल की, लिपिंग मा यांच्या अभ्यासातील बहुतेक चिनी शिक्षकांचे औपचारिक शिक्षण तर ११-१२ वर्षांचेच होते. त्यांना कुठे पदव्युत्तर पदवी होती? नव्हती, आणि माझ्या दृष्टीने या साऱ्या चर्चेत हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ते शिक्षक पाठ्यपुस्तकाचा बारकाईने अभ्यास करत आणि त्यावर सहकाऱ्यांशी नियमितपणे चर्चा करत. शालेय गणित हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. जिथे शाळेच्या वेळापत्रकात अशा अभ्यासाला जागा आहे, तिथे पदवीची गरज खरोखरच कमी असेल. जिथे ती जागा नाही, जिथे दोन गणित शिक्षकांना आठवड्यातून एकदाही एकत्र बसून अपूर्णांकांवर बोलता येत नाही, तिथे हा पदव्युत्तर अभ्यास त्यांना ती जागा आणि सोबत मिळवून देऊ शकतो.

निवृत्तीला आठ वर्षे उरली असताना आपण प्रवेश घ्यावा का, असे आपण शेवटी विचारले आहे. अर्ज करण्यापूर्वी अभ्यासक्रमाची पुस्तिका मागवून घ्या. तिच्यात अपूर्णांक, बीजगणिताची सुरुवात, बल, उष्णता, पदार्थाचे कणस्वरूप असे शालेय विषय नावानिशी आहेत का, आपल्याच विद्यार्थ्यांच्या वह्या आणि मुलाखती घेऊन यायला सांगितले आहे का, आणि प्रबंध आपल्याच वर्गातील प्रश्नावर लिहिता येतो का, एवढे पाहा. असेल तर अवश्य जा. आपल्या २२ वर्षांतील 'सव्वातीन' तिथे सोबत्यांनाही उपयोगी पडतील. नसेल तर जाऊ नका, आणि ती दोन वर्षे शेजारच्या वर्गातील शिक्षकासोबत वह्या वाचण्यात घालवा.