‘मेट्रो आली, आता टीएमटी बंद करा’ या मागणीला उत्तर

घोडबंदर रस्त्यावरील गृहसंकुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. ठाणे परिवहनच्या (टीएमटी) बस रिकाम्या धावतात, रस्ता अडवतात, करदात्यांचा पैसा तोट्यात घालवतात. तेव्हा मेट्रो ४ सुरू होताच ही सेवा बंद करावी आणि उरलेले काम शेअर रिक्षांवर सोपवावे, असे त्यात म्हटले आहे. यातला एकही निष्कर्ष तपासणीत टिकत नाही.

आधी मेट्रोचा मुद्दा घेऊ. मेट्रो ४ म्हणजे वडाळा-कासारवडवली हा मार्ग. तो मुलुंडकडून तीन हात नाक्यावर येतो आणि कॅडबरी जंक्शन, माजिवडा, कापूरबावडी असा घोडबंदर रस्त्याला लागतो. ठाणे रेल्वे स्थानक या मार्गावर नाही. ज्याला मानपाड्याहून निघून डोंबिवलीची लोकल किंवा ऐरोलीसाठी ट्रान्स-हार्बर गाडी पकडायची आहे, त्याला मेट्रो सुरू झाल्यावरही स्थानकापर्यंत नेणारे दुसरे वाहन लागणारच. स्थानकाला जोडणाऱ्या २९ किलोमीटरच्या वर्तुळाकार मेट्रोला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ती २०२९ पर्यंत पूर्ण करण्याचे उद्दिष्ट ठेवले. तोपर्यंत लोकमान्यनगर, वागळे इस्टेट, कोलशेत येथील रहिवाशांनी काय करावे, याबद्दल संदेशात अवाक्षर नाही. मेट्रो ठरावीक स्थानकांवरच थांबते. वस्तीतून त्या स्थानकापर्यंत माणसे आणून सोडण्याचे काम बसचेच आहे, आणि मेट्रोमुळे ते वाढणार आहे.

‘बस रिकाम्या धावतात’ हे निरीक्षण खोटे नाही, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. सकाळी कासारवडवलीहून खचाखच भरून आलेली बस ठाणे स्थानकाबाहेरच्या सॅटिस पुलावर रिकामी होते आणि पुढची खेप आणण्यासाठी जवळजवळ मोकळीच परत जाते. ती परतली नाही तर पुढची गर्दी कोण उचलणार? दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे आहे. कोंडीत अडकून एक बस उशिरा पोहोचली की थांब्यावर तिच्यासाठी अधिक प्रवासी जमतात, त्यांना चढायला अधिक वेळ लागतो, त्यामुळे ती आणखी मागे पडते, आणि तिच्या मागची बस मोकळे थांबे घेत तिला येऊन गाठते. मग एक बस दारापर्यंत भरलेली आणि तिच्या पाठीला लागून दुसरी रिकामी, असे दृश्य दिसते आणि छायाचित्र मात्र दुसऱ्या बसचे काढले जाते. अशा वेळी बस कमी केल्या तर पहिल्या बसची गर्दी वाढेल. दोन बसमधले अंतर राखण्याचे नियंत्रण सुधारणे हा खरा उपाय आहे.

तोट्याचा विचारही असाच मुळापासून करायला हवा. समजा, स्थानक ते वस्ती आणि परत अशी फेरी ४० मिनिटांत होते. विश्रांतीचा वेळ बाजूला ठेवला तर आठ तासांच्या पाळीत एक बस १२ फेऱ्या करेल. कोंडीमुळे तीच फेरी ६० मिनिटांची झाली की फेऱ्या आठवर येतात. चालक-वाहकाचे वेतन तेवढेच राहते, इंधन उभ्या बसमध्येही जळत राहते आणि तिकिटाचे उत्पन्न मात्र घटते. दर दहा मिनिटांना बस द्यायची तर पूर्वी चार बस पुरत होत्या, आता सहा लागतात. म्हणजे तोट्याचा मोठा भाग रस्त्यावरच्या कोंडीत तयार होतो आणि परिवहनच्या हिशेबवहीत येऊन पडतो. शिवाय रस्ते, पथदिवे आणि उड्डाणपूल यांच्यावर आपण खर्च करतो, पण त्यांना कोणी तोट्यातले म्हणत नाही. मग बसकडूनच नफ्याची अपेक्षा कशासाठी?

रस्ता कोण अडवते, हे साध्या गणिताने कळते. एका बसमधले ६० प्रवासी मोटारींत दोन-दोन बसवले तर ३० मोटारी लागतील आणि रिक्षांत तीन-तीन बसवले तर २० रिक्षा. वाहनांपेक्षा माणसांच्या वाहतुकीला प्राधान्य द्यावे, असे २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच नमूद आहे.

शेअर रिक्षा उपयोगी आहे, पण ती बसची जागा घेऊ शकत नाही. तीन प्रवासी भरल्याशिवाय ती सहसा निघत नाही. दुपारच्या उन्हात किंवा रात्री उशिरा, प्रवासी कमी असताना, चालकाने तोटा सोसून यावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. प्रवासी एक असो वा पन्नास, ठरल्या वेळी ठरल्या मार्गाने जाण्याचे बंधन फक्त सार्वजनिक सेवेवर घालता येते.

तेव्हा मागणी करायचीच असेल तर ती अशी असावी: प्रत्येक मेट्रो स्थानकातून आसपासच्या वस्त्यांत जाणारे छोटे बसमार्ग मेट्रो सुरू होण्यापूर्वीच आखावेत, बसचा थांबा जिन्याच्या पायथ्याशी असावा, मेट्रो आणि बसला एकच तिकीट चालावे, आणि रात्रीच्या शेवटच्या मेट्रोतून उतरलेल्या प्रवाशाला घेऊनच शेवटची बस सुटावी.