सांगितल्याबिगर हात कसा लावायचा?

सकाळपासून डोकं तापलंय. कोर्टात दोन तारखा होत्या, दोन्ही लांबल्या, त्यामुळे तो राग कुठे निघालाही नाही. म्हणून इथे लिहिते आहे. मोठं होईल, वाचा किंवा सोडून द्या.

घरच्या ग्रुपवर मोठ्या काकूंचा विषय निघाला होता. पक्षाघाताला चार महिने झाले. डोळे उघडे असतात, पण ओळख नाही. कुणी कुठल्या दिवशी जाऊन बसायचं, रविवार कुणाचा, असं चाललं होतं. त्यात माझ्या भाच्याने लिहिलं, "आजीला काही कळतच नाही, मग रोज कुणीतरी जाऊन बसण्यात लॉजिक काय? त्यापेक्षा सगळ्यांनी पैसे काढून अजून एक नर्स ठेवू." त्याखाली तीन अंगठे. तीन! त्यातला एक माझ्या सख्ख्या भावाचा.

मी लिहिलं, लॉजिक नाहीच. त्याचं लगेच उत्तर, "आत्या, तू वकील असून असं बोलतेस?"

हो बाबा, वकील आहे म्हणूनच बोलते. चोवीस वर्षं युक्तिवाद करते आहे. तो कुठवर नेतो आणि कुठे आणून सोडून देतो, हे रोज बघते.

माझी आई गेली त्याआधी एकवीस दिवस आयसीयूत होती. कुठल्या दवाखान्यात ते सोडा. पलंगाच्या पायाशी अडकवलेल्या कागदावर रोज एक आकडा लिहायचे. ग्लासगो कोमा स्केल. डोळे, बोलणं, हालचाल यांचे गुण. जास्तीत जास्त १५, कमीत कमी ३. शून्य त्यात नसतोच. आईचे ५ होते. मी रोज सकाळी आधी तो कागद वाचायचे आणि मग आईकडे बघायचे. ह्या क्रमाची आता लाज वाटते.

तिथे एक आयाबाई होत्या, सगळे त्यांना मावशी म्हणायचे. सकाळी सहाला यायच्या. आईला कुशीवर वळवायच्या आधी वाकून तिच्या कानाशी सांगायच्या, "आजी, कूस बदलते हां, हात जरा गार लागंल." मग केस विंचरायच्या. आईची जन्मभर एकच वेणी, पण मावशी दोन घालायच्या, कानांमागून पुढे घेऊन. पाठीमागे एक घातली तर झोपलेल्या माणसाच्या डोक्याखाली गाठ टोचते, म्हणाल्या. मला, पोटच्या मुलीला, हे सुचलं नव्हतं.

एकदा मी विचारलं, "मावशी, तिला ऐकू येतं का हो?"

"मला काय ठावं ताई. पर सांगितल्याबिगर हात कसा लावायचा माणसाला?"

बास. एवढंच. डॉक्टरांकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडे नव्हतं, मावशींकडेही नव्हतं. पण मावशींचं त्यावाचून काही अडलं नाही. कायद्याच्या पहिल्या वर्षाला नैसर्गिक न्यायाचं तत्त्व शिकवतात, समोरच्याला कळवल्याशिवाय, त्याचं ऐकल्याशिवाय त्याच्याविरुद्ध काही करायचं नाही. मी ते परीक्षेत लिहून आले होते. मावशी रोज सकाळी सहाला आईला नोटीस देत होत्या.

आता भाच्याच्या लॉजिककडे येते. आपल्याकडचा सगळ्यात अवघड कायद्याचा प्रश्न भर सभेत द्रौपदीने विचारला. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की आधी मला? भीष्मांनी दोन्ही बाजू नीट मांडल्या. जो स्वतःच हरला त्याची दुसऱ्यावर मालकी कसली? पण बायको तर नवऱ्याच्या अधीन मानलेली. तेव्हा धर्म सूक्ष्म आहे, मला निवाडा करता येत नाही. ऐकायला किती सभ्य वाटतं! आणि समोर एका बाईला केस धरून फरफटत आणलेलं. बुद्धी अडली म्हणून भीष्म जागेवर बसून राहिले. विकर्ण वयाने लहान, पण तो उभा राहिला. मुद्दे त्यानेही मांडलेच, पण आधी उभा राहिला. इरावती कर्वे द्रौपदीलाच दोष देतात, तिने तिथे कायद्याचा कीस काढायलाच नको होता म्हणतात. असेल. तरी मला राग भीष्मांचाच येतो, दर वेळी.

तीन अंगठे देणाऱ्यांनो, कळतंय ना?

अरुणा शानबाग आठवतात का? मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून अत्याचार केला, मेंदूचा प्राणवायू तुटला आणि पुढची जवळजवळ बेचाळीस वर्षं त्या तिथेच, वॉर्ड नंबर ४ मध्ये. पत्रकार पिंकी विराणींनी त्यांना अन्न भरवणं थांबवून शांतपणे मरू द्या म्हणून सुप्रीम कोर्टात अर्ज केला. तो अर्ज मी वाचलाय. कुठेही भोक पाडता येत नाही. करुणेनेच केलेला होता, हेही मानते. आणि समोर नर्सेस. त्यांचा युक्तिवाद काय होता? ती आमची आहे, आम्ही करतो तिचं, करत राहू. हा काय युक्तिवाद झाला? पण इतकी वर्षं अंथरुणात असलेल्या बाईच्या अंगावर एकही बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, नव्हता, हे निकालात नोंदवलंय. ७ मार्च २०११ ला कोर्टाने अर्ज फेटाळला आणि म्हटलं की अरुणाच्या वतीने बोलायचा अधिकार कुणाचा असेल तर तो केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. कायद्याने स्वतःची हद्द ओळखून त्या बायकांकडे बोट दाखवलं. हे वाचताना मला मावशींचा कंगवा दिसत होता. १८ मे २०१५ ला अरुणा न्यूमोनियाने गेल्या.

आता कुणीतरी म्हणेलच, म्हणजे माणसाला यंत्रांवर ताटकळत ठेवायचं का? नाही. त्याच निकालाने कडक देखरेखीखाली उपचार थांबवायची वाट उघडली, ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं, आणि ते योग्यच झालं. माझं स्वतःचं मी दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी करून ठेवलंय. नळ्या कधी काढायच्या हे ठरवायला बुद्धीच लागते. पण नळ्या असेपर्यंत शेजारी बसायचं की नाही, हे बुद्धीला विचारायचं कशाला?

आणि हो, बुद्धी गहाण ठेवा म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही, हे तुम्हाला सांगायला नको. २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांना पुण्यात गोळ्या घातल्या, त्या दिवशी मी काळी फीत लावून कोर्टात गेले होते. आईच्या वेळी एका नातेवाइकाने अंगारा आणला, त्याला मी दारातूनच परत पाठवलं. तो मावशींसारखं बोलत नव्हता. त्याला सगळं माहीत होतं, अमावास्येनंतर उठून बसेल म्हणाला. मावशी म्हणायच्या, मला काय ठावं. ह्या दोघांना एकाच 'श्रद्धा' नावाच्या खणात टाकणाऱ्यांचा मला संताप येतो, मग ते कुठल्याही बाजूचे असोत.

ब्रह्मसूत्रात, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथात, 'तर्काप्रतिष्ठानात्' असं एक सूत्र आहे. एका हुशार माणसाने उभा केलेला तर्क दुसरा जास्त हुशार येऊन पाडतो, म्हणून नुसत्या तर्कावर शेवटचं काही उभं करता येत नाही. ह्यावर प्रतिपक्षाचा आक्षेपही शंकराचार्यांच्या भाष्यातच दिलाय, की तर्क डळमळीत आहे हे तरी तुम्ही तर्कानेच सांगताय ना! बरोबर आहे. मीही आत्ता तेच करते आहे. २००६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी अशाच एका बेशुद्ध तरुणीला, टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर म्हणून सांगितलं आणि स्कॅनमध्ये तिच्या मेंदूत शुद्धीतल्या माणसासारखी हालचाल दिसली. हे ग्रुपवर टाकलं असतं तर मी जिंकले असते. नाही टाकलं. उद्या काकूंच्या मेंदूत काहीच हलत नाही असा रिपोर्ट आला तर? मग नाही बसायचं?

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. तेराव्या दिवशी मी आणि दादा आईच्या उशाशी उभं राहून बोलत होतो. अजून किती दिवस, बिल किती झालं, गावचं घर कुणाच्या नावावर. अगदी मुद्देसूद. मावशी चादर घडी करत होत्या. म्हणाल्या, "बाहेर जाऊन बोला." आवाज चढवला नाही. आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे बाहेर गेलो.

आणि बाहेर बाकावर हाच भाचा बसला होता. तेव्हा बारावीत होता. सात रात्री त्याने त्या बाकावर काढल्या, पुस्तक मांडीवर ठेवून. आत मात्र एकदाच गेला. आजीच्या दोन वेण्या बघून जो बाहेर आला, तो परत दाराशीसुद्धा फिरकला नाही. हे मला आत्ता, टाइप करता करता आठवलं. सकाळी आठवलं असतं तर तुला तसं तोडून बोलले नसते रे. ते तुझं लॉजिक नव्हतंच बहुतेक. तुला भीती वाटते. मलाही वाटते.

नर्स ठेवू, त्यात माझेही पैसे धर. पण रविवार माझा आहे आणि मी जाणार आहे. दहाची एसटी आहे. खोबरेल तेल आणि मोठ्या दातांचा कंगवा पिशवीत टाकलाय. काकूंचे केस फार गुंतलेत, दोघं असलो तर एकाला डोकं उचलून धरता येईल. येणार असलास तर स्टँडवर पावणेदहाला ये.