कौल मिळाला, पण पीएसए केली का?

गोव्यात फोंड्याकडे सध्या एक वाद रंगलाय आणि नात्यातल्या व्हॉट्सॲप गटातून त्याची झळ इंग्लंडात स्विंडनला राहणाऱ्या माझ्यापर्यंत येते. प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, कॅन्सरची शस्त्रक्रिया होऊन पुन्हा हिंडूफिरू लागलेल्या एका निवृत्त गुरुजींनी देवळाच्या सभामंडपात सांगितलं, की आपल्याला श्रद्धेने आणि सकारात्मक विचारांनी बरं केलं. निम्म्यांनी हात जोडले, उरलेल्यांनी ‘मग बांबोळीच्या सरकारी इस्पितळात कशाला गेलात?’ म्हणत टर उडवली. निरोपांचा पाऊस पडला, पण त्यात शस्त्रक्रियेनंतर गळणाऱ्या लघवीबद्दल अवाक्षर नाही. माझं डोकं फिरतं ते इथे.

आशावादाने गाठ विरघळते किंवा आयुष्य लांबतं, याला भरवशाचा पुरावा नाही. पण नंतरचे महिने इतके रटाळ असतात, की रोज तेच ते करायला बळ कुठून तरी आणावंच लागतं. ते देवाकडून येत असेल तर कुणाच्या पोटात का दुखावं?

शस्त्रक्रियेत घातलेली लघवीची नळी एक-दोन आठवडे असते. पिशवी कायम मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवायची आणि दोन तृतीयांश भरली की ओतायची. या दिवसांत निर्जळी एकादशी अजिबात नको. लघवी दाट होते आणि गुठळी अडकून नळी तुंबू शकते. शौचाला कुंथल्यावर नळीच्या कडेने थोडं रक्त आलं तर घाबरू नये. लघवी उतरायचीच थांबली आणि ओटीपोट फुगलं, किंवा एक पोटरी सुजून दुखू लागली, तर मात्र सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावं. नवसाचं लोटांगण सहा आठवड्यांनंतर, तेही सर्जनला विचारून. देव तेवढं थांबतो.

नळी निघाली की ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम. मागून वारा आणि पुढून लघवी अडवल्यासारखं आत-वर ओढायचं. शिश्न किंचित आत गेलं, वृषण उचलले गेले, की जमलं. पोट, मांड्या, कुल्ले सैल. दहा सेकंद धरायचं, तेवढंच विसावायचं, असं दहा वेळा, मग दहा झटपट, दिवसातून तीनदा. बहुतेकांचं बिघडतं ते श्वास कोंडल्याने, कारण मग पोटातला दाब खालीच येतो. म्हणून त्या वेळी नामजप मोठ्याने करावा. तोंडात नाम चालू असताना श्वास कोंडताच येत नाही. कुणाला हे विटाळाचं वाटेल. गुरुजींच्या श्रद्धेचा याहून नेमका उपयोग मला तरी ठाऊक नाही. नास्तिकांनी आकडे मोजावेत. खोकण्याआधी, शिंकण्याआधी, खुर्चीतून उठण्याआधी आवळायचं. धार मध्येच अडवून सराव करायचा नाही, आणि गळतं म्हणून पाणीही तोडायचं नाही. दाट लघवीने मूत्राशय आणखी चेततं. बहुतेकांची गळती तीन ते सहा महिन्यांत आटोक्यात येते, काहींना वर्ष लागतं. ताठरता यायला दोन वर्षंही लागतात. हृदयासाठी सॉर्बिट्रेट घेणाऱ्याने फार्मसीतून गुपचूप ताठरतेची निळी गोळी (व्हायग्रा) आणू नये, रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो.

आणि पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी. ग्रंथी काढल्यावर सहा-आठ आठवड्यांनी हा आकडा 0.1 च्या खाली हवा. सलग दोनदा 0.2 किंवा वर गेला तर रोग परतल्याचं धरतात. किरणोपचार झालेल्यांचा हिशेब निराळा. त्यांची ग्रंथी जागेवरच असते, आकडा दीड-दोन वर्षं सावकाश उतरतो, मध्येच थोडा उसळतोही. सर्वांत खालच्या आकड्यापेक्षा 2 ने वाढला तरच काळजी. तेव्हा शेजाऱ्याचा अहवाल बघून आपली झोप घालवू नये. देवाच्या मूर्तीवर लावलेल्या कौलाच्या पाकळीसारखा एकदाच उजवा पडून हा आकडा मोकळं करत नाही, पुन्हा पुन्हा विचारावा लागतो.

इथे 2024 च्या जानेवारीत राजा चार्ल्सची प्रोस्टेट वाढल्याचं खुद्द राजवाड्याने जाहीर केलं, आणि तो कॅन्सरही नव्हता. त्याच वर्षी ऑलिंपिकची सहा सुवर्णपदकं मिळवलेल्या सायकलपटू ख्रिस हॉयने आपला प्रोस्टेट कॅन्सर बरा होणारा नाही हे सांगून टाकलं, आणि तो सायकल चालवत राहिला. त्याच्या आशावादाला बरं होण्याची अट नाही. पुरुषांच्या टॉयलेटात गळतीचे पॅड टाकायला डबे हवेत, म्हणून ‘प्रोस्टेट कॅन्सर यूके’ने मोहीमच काढली. आपल्याकडे सत्कार होतो, डबा नाही.

पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन गेलेल्याने आम्हाला शिकवू नये, असं आता कुणी तरी लिहीलच. लिहू दे. मी सोयीचंच सांगतोय, हे मलाही कळतं. इथे नळीसकट दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात आणि रात्रीची दोन लिटरची पिशवी एकटा म्हातारा आपली आपण ओततो. नर्सचा नंबर फ्रिजवर असतो, पण उकड्या तांदळाची पेज घेऊन दारात कुणी येत नाही. गटावर मी इतक्या तावातावाने लिहितो ते गुरुजींसाठी थोडंच. त्या मंडपात अजून आपली जागा आहे का, हे सरळ विचारायची हिंमत होत नाही म्हणून.

जत्रेआधी देवळाच्या महाजनांनी पुरुषांच्या मुतारीत झाकणाची एक बादली ठेवावी. पैसे मी पाठवतो. पावती वडिलांच्या नावाने फाडा.