‘लागतो’ की ‘लावतो’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर डायपर वापरायला मी कसा तयार झालो, या माझ्या लेखावरची ‘एक फिजिओथेरपिस्ट, वाशी’ अशा सहीची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा तो वाढला, आणि तिसऱ्यांदा वाचली ती उत्तर लिहायचे म्हणूनच. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. व्यायामाने आणि फेरतपासणीने आटोक्यात येऊ शकणाऱ्या त्रासावर मी पांघरूण घालून बसलो आहे, ‘आधी डॉक्टरांना दाखवा’ हे लेखात कुठेही नाही, कचऱ्याचा विचार केलेला नाही आणि जीएसटीचा दर जुना आहे, असे आपले आक्षेप आहेत. शेवटी आपण लिहिले आहे, ‘काका, तुम्हाला डायपर लागत नाही, तुम्ही तो लावता. ही गरज नाही, सवय आहे.’

जे मान्य करायचे ते आधी मान्य करून टाकतो. क्लिनिकल डायपरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे आणि माझ्या लेखात १२ असेच छापले गेले. ज्याने उभी नोकरी लेखा विभागात काढली त्याच्या हातून ही चूक व्हावी, याची मला खरोखर लाज वाटली. आकडा त्याच दिवशी दुरुस्त केला. आभारी आहे.

आता ‘काका’विषयी. सव्वाशे-दीडशे शब्दांच्या प्रतिक्रियेत आपण मला तीन वेळा काका म्हटले आहे. वयाने मी सदुसष्ट वर्षांचा आहे, तेव्हा रस्त्यात एखाद्या मुलाने ‘काका, जरा सरका’ म्हटले तर मी सरकतो. पण ज्याला आपण कधी पाहिलेले नाही, ज्याची फाईल कधी उघडलेली नाही, त्याला आधी काका म्हणायचे आणि पुढच्याच वाक्यात त्याच्या मनाचा कमकुवतपणा समजावून सांगायचा, यात आपुलकी कमी आणि पाठीवर थोपटणे जास्त आहे. आपण थोपटले आहे ते नेमके दुखऱ्या जागी.

आपले ते वाक्य मात्र टाळीचे आहे, हे कबूल करतो. ‘लागतो’ आणि ‘लावतो’ यांत एका अक्षराचा फरक, आणि त्या एका अक्षरात आपण माझी चार वर्षे बसवलीत. म्हणून त्याच वाक्याला सविस्तर उत्तर देतो.

प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून असते. कर्करोगामुळे ती समूळ काढली की लघवी रोखून धरणाऱ्या दोन बंदोबस्तांपैकी वरचा दुबळा होतो आणि सगळा भार खालच्या स्नायुवलयावर येतो. हे आपल्याला मी सांगायला नको. पण आपल्या प्रतिक्रियेखाली ज्या दोघातिघांनी ‘अगदी बरोबर’ असे लिहिले आहे, त्यांना सांगायला हवे. माझी शस्त्रक्रिया नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. बाराव्या दिवशी लघवीची नळी काढली आणि रुग्णालयाच्या पायऱ्या उतरेपर्यंत माझा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला होता. पायऱ्या सातच होत्या.

त्या आठवड्यापासून मी वही ठेवली. स्वयंपाकघरातल्यासारखाच एक डिजिटल काटा वेगळा विकत घेतला (घरातल्या काट्याला हात लावायची सौभाग्यवतींनी सक्त मनाई केली होती), ओल्या डायपरच्या वजनातून कोऱ्याचे वजन वजा करायचे आणि येईल तो आकडा तारखेपुढे लिहायचा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. पहिल्या आठवड्यात चोवीस तासांचा आकडा ६४० होता. तीन महिन्यांनी ३८०. अकराव्या महिन्यात १५०. त्यानंतर तो १४० ते १६० यांच्या मध्ये अडकला तो आजतागायत. १५० मिलिलिटर म्हणजे टपरीवरचे दोन कटिंग. रात्री आडवा असताना मी जवळजवळ कोरडा असतो, सकाळीही बरा असतो, पण स्नायू थकत जातो तसतशी दुपार उतरली की खुर्चीतून उठताना, शिंकताना, छत्री उघडताना ते दोन कटिंग हप्त्याहप्त्याने बाहेर पडतात.

ज्याला आपण व्यायाम म्हणता तो मी त्या पहिल्या अकरा महिन्यांत एकही दिवस चुकवलेला नाही. डॉ. आर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे हे व्यायाम मांडले ते बाळंतपणानंतरच्या स्त्रियांसाठी, हेही मला ठाऊक आहे, आणि आपण सुचवलेली अश्विनी मुद्रा (गुदद्वाराचे स्नायू आवळून सोडण्याची योगक्रिया) तर मी आमच्या ठाण्यातल्या घंटाळीच्या योगवर्गात आपल्याआधी कितीतरी वर्षे केली आहे. श्वास रोखायचा नाही, पोट आणि कुल्ले आवळायचे नाहीत, आतला स्नायू उचलून धरायचा आणि मग पूर्ण सोडायचा, हे सगळे मला पाठ आहे. गेल्या वर्षभरात व्यायामात थोडा खंड पडला हे खरे, पण तो इथे मुद्दा नाही.

मुद्दा ‘सवय’ या शब्दाचा आहे. सवय मोडून पाहण्याचा आपला सल्ला मला नवा नाही. वही १५० वर आली तेव्हा दुसऱ्या एका तज्ज्ञांनी हाच सल्ला दिला होता, आणि मी तो मनापासून पाळला. डोंबिवलीला पुतणीचा साखरपुडा होता. करडी पँट, पांढरा सदरा, आत नेहमीचे सुती अंतर्वस्त्र आणि दुसरे काही नाही. दुपारी तीननंतर पाण्याचा थेंब घेतला नाही. पाणी तोडले की लघवी दाट होऊन मूत्राशयाला आणखी चुरचुरते हे मला तेव्हा कळत नव्हते. अंगठ्या घालून झाल्या, फोटोसाठी सगळ्यांना उभे केले आणि कोणीतरी फवारलेल्या अत्तराने मला लागोपाठ दोन शिंका आल्या. करड्या कापडावर ओल जशी दिसते तशी दुसऱ्या कुठल्याही रंगावर दिसत नाही. पुढचा पाऊण तास मी पेढ्यांचा पुडा पोटाच्या खाली दोन्ही हातांनी धरून भिंतीला पाठ लावून उभा होतो. व्याह्यांनी दोनदा विचारले, ‘बसा ना, पुडा ठेवा इकडे.’ मी पुडा ठेवला नाही आणि जेवलोही नाही. ठाण्याला आलो तो लोकलच्या दारापाशी उभ्याने, वाऱ्यात पँट वाळवत. ही सवय मोडण्याची पद्धत आपल्या वाशीत अजून चालत असेल तर चालो.

आणि ज्या गोष्टीला आपण सवय म्हणता ती लागायला मला किती वेळ लागला, हेही ऐका. पहिले पाकीट आणायला गोखले रोडवरच्या औषधांच्या दुकानात गेलो, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, ‘पेशंटची कंबर किती?’ मी म्हणालो, ‘वडिलांसाठी हवे आहे, माझ्याएवढीच असेल.’ वडील १९९८ साली गेले. पुढचे सात महिने मी त्या दुकानात स्वर्गवासी वडिलांच्या नावाने डायपर नेत होतो, आणि तो मुलगा दर वेळी ‘आजोबा कसे आहेत?’ विचारायचा. एकदा तर मी ‘आता बरे आहेत’ असेही सांगितले. आठव्या महिन्यात एके दिवशी ‘मलाच लागतात’ असे तोंडून गेले. ‘लागतात’ हाच शब्द, महोदय, आणि तो उच्चारायला मला सात महिने लागले. तो मुलगा म्हणाला, ‘मग चिकटपट्टीचे कशाला नेता, पँटसारखे चढवायचे न्या, फिरत्या माणसाला तेच सोयीचे.’ त्याने मला काका म्हटले नाही.

चष्म्याचे आणि कवळीचे उदाहरण देणार नाही, ते सगळेच देतात. एवढेच सांगतो की, त्या पँटसारख्या डायपरमुळे मी ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिसच्या उंच पुलावरून चढून स्टेशनात जातो, गडकरी रंगायतनात कडेची खुर्ची न मागता नाटकाला बसतो आणि सायंकाळी तलावपाळीला एक फेरी मारून भेळ खातो. शस्त्रक्रियेनंतरचे सव्वा वर्ष मी यांतले काहीही केले नव्हते. स्नायूला किती जोर आहे ते आपण मोजाल. पण मला काय लागते आणि काय नाही, हे त्या स्नायूला विचारून ठरत नाही.

उरलेले मुद्दे थोडक्यात. कचऱ्याबाबत घनकचरा नियमांप्रमाणे वापरलेला डायपर नीट गुंडाळून वेगळा द्यायचा असतो आणि मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळाच देतो. आमच्या इमारतीतले किती तरुण आईबाप हे करतात ते आपण एकदा येऊन पाहावे. कृत्रिम स्नायुवलय बसवण्याची शस्त्रक्रिया असते हे मला माहीत आहे. तिचा खर्चही माहीत आहे आणि पुन्हा टेबलावर झोपण्याची माझी इच्छा किती आहे हेही. ‘आधी डॉक्टरांना दाखवा’ हे लेखात नाही, असे आपण म्हणता. ज्याला लघवी गळते तो डॉक्टरांकडे जाऊन आलेलाच असणार, असे मी गृहीत धरले होते. एका वाचक भगिनींनी मला स्वतंत्रपणे कळवले की त्या सहा वर्षांपासून पॅड लावतात आणि आजवर कोणालाही दाखवलेले नाही. तेव्हा ते एक वाक्य मी लेखाच्या सुरुवातीला घातले आहे. आपल्या प्रतिक्रियेमुळे घातले आहे असे समजू नये.

राहता राहिला आपला मोफत तपासणीचा प्रस्ताव. तो आपण ज्या सुरात मांडला आहे त्या सुरात स्वीकारणे मला जड जाते. परंतु घरातून तीन दिवस आग्रह चालू आहे. मंगळवारी दुपारी दोननंतर मला सोयीचे आहे. ठाणे-वाशी गाडीने अर्ध्या तासात पोहोचेन, येताना वही आणेन, आणि येईन तो लावूनच, कारण त्या गाडीत स्वच्छतागृह नसते.