53 ग्रेडचं पोतं आणि खारा वारा

गणपतीत गावच्या ग्रुपवर घरबांधणीचा एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तीन जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: ‘कोकणात घर बांधताना 53 ग्रेडचंच सिमेंट घ्या, पीपीसी-स्लॅगवालं हलकं असतं. पोत्यावर आयएसआय मार्क असला की काँक्रीट पास. खाडीची रेती दोनदा धुतली की चालते. माल पातळ ठेवा. तीन दिवस पाणी मारा. जुनं सिमेंट घेऊ नका. शंभर वर्षं बघायला नको.’ (पीपीसी म्हणजे औष्णिक वीजकेंद्राची राख वगैरे मिसळलेलं सिमेंट, स्लॅगवालं म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी दळून मिसळलेलं.)

53 हा आकडा सिमेंटचा, तुमच्या घराचा नाही. प्रयोगशाळेत त्या सिमेंटचा आणि प्रमाणित वाळूचा ठोकळा 28 दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला किमान 53 न्यूटन दाब सोसतो, इतकाच त्याचा अर्थ. शिवाय किनाऱ्यावरची घरं दाबाने मरतात कुठे? गॅलरीच्या खालच्या अंगाला फुगारा येतो, मग पापुद्रा पडतो आणि आतली सळी भगव्या रंगात दिसू लागते. काँक्रीटमधल्या अल्कलीमुळे सळीवर एक संरक्षक थर असतो. खाऱ्या हवेतलं क्लोराइड तिथवर पोचलं की तो तुटतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीट आतून फोडतो. तेव्हा खरा प्रश्न ताकदीचा नाही, मीठ सळीपर्यंत किती वर्षांनी पोचेल याचा आहे.

आयएस 456 (2000), म्हणजे काँक्रीटच्या कामाची भारतीय मानक संहिता, हेच धरून चालते. किनाऱ्याच्या हवेला उघड्या असलेल्या आरसीसीला, म्हणजे सळी घातलेल्या काँक्रीटला, किमान एम30 काँक्रीट (28 दिवसांनी ठोकळ्याची ताकद दर चौरस मिलिमीटरला 30 न्यूटन), घनमीटरला 320 किलो सिमेंट आणि सळीवर 45 मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळीबाहेरचा काँक्रीटचा थर. लाटांचे तुषार येत असतील तर एम35 आणि 50 मिलिमीटर. आमच्याकडे सळीखाली खडीचा तुकडा सरकवला की कव्हर झालं! आणि समुद्रालगतच्या कामाला स्लॅग किंवा पोझोलाना (म्हणजे पीपीसी) सिमेंट फायद्याचं, हेही त्याच संहितेत आहे. म्हणजे मेसेज ज्याला हलकं म्हणतो, तेच.

सगळ्यात घातक सल्ला पातळ मालाचा, म्हणजे काँक्रीट पातळ कालवण्याचा. किनाऱ्याची हवा असो की लाटांचे तुषार, दोन्हीकडे पाणी सिमेंटच्या वजनाच्या 0.45 पटीपेक्षा जास्त चालत नाही. 50 किलोच्या पोत्याला साडेबावीस लिटर, आणि रेतीतला ओलावाही त्यातच मोजायचा. साइटवर मात्र ‘माल पळाक होयो’ म्हणत गवंडी आणखी अर्धी बादली सोडतो. तो वाईट माणूस नाही, त्याला फावडं ओढायचं असतं. पण सिमेंटला न लागलेलं पाणी उडून जातं आणि मागे बारीक नळ्यांचं जाळं ठेवतं. मीठ त्याच वाटेने आत शिरतं. माल सरकत नसेल तर प्लास्टिसायझर (जादा पाण्याशिवाय माल सैल करणारं रसायन) घाला, व्हायब्रेटर लावा. भाडं वाचवायची ही जागा नव्हे.

रेती धुतली, पण कोणत्या पाण्याने? खाडीकाठची विहीर उन्हाळ्यात स्वतःच मचूळ होते. आरसीसीच्या पाण्यात लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंतच क्लोराइड चालतं. समुद्राच्या पाण्यात ते साधारण 19,000 असतं. सगळं धरून एका घनमीटर काँक्रीटमध्ये, म्हणजे जवळपास 2,400 किलोंत, मर्यादा 600 ग्रॅमची. चिमूटभर रेती जिभेवर ठेवून ‘खारट नाय लागत’ म्हणणाऱ्यांना हे मोजता येत नाही. लॅबमध्ये तपासून घ्या, नाहीतर डोंगराकडच्या क्रशरची वाळू घ्या.

आयएसआय मार्क सिमेंटला मिळतो. काँक्रीट तुमच्या अंगणात बनतं, तिथे कोणी शिक्का मारायला येत नाही. हजार चौरस फुटांचा 5 इंची स्लॅब साधारण 12 घनमीटर भरतो. त्याला काँक्रीटचे दोन नमुने, प्रत्येकी तीन ठोकळे, 28 दिवसांनी फोडून पाहायचे.

तीन दिवस पाणी? साध्या सिमेंटला किमान 7, पीपीसी-स्लॅगला 10. पावसाआधी स्लॅब उरकायचा म्हणून आपण तो मे महिन्यात टाकतो, तेव्हा तर एकही दिवस कमी नको. आळी बांधून पाणी भरून ठेवा.

जुनं सिमेंट घेऊ नका, हे मात्र बरोबर. तीन महिन्यांवरचं पोतं तपासल्याशिवाय वापरू नये. आणि आषाढात पडवीत टेकवून ठेवलेलं पोतं तेवढीही वाट बघत नाही, महिन्याभरात गुठळ्या धरतं.