नकाशा आधी गल्लीत उघडा

कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीच्या टोकाला जुनं चर्च आहे. रविवारी मंडळी आत मावत नाहीत, म्हणून पंचकमिटी मागच्या मोकळ्या जागेत सभागृह बांधतेय. गल्लीला हे कळलं ते पायाच्या आखणीची फक्की पडल्यावर. तेव्हापासून वाद पेटलाय आणि मी तो टेक्सासमधून, सॅन अँटोनिओतून, रोज ऐकतोय.

आत्याची तक्रार खरी आहे. "एवढ्या मोठ्या पत्र्याचं पाणी आमच्याच दारात येणार की रे. आन् गाड्या लावायच्या कुठं?" २०१९ च्या पुरात पाणी घरात शिरलेल्या माणसाला जोत्याची उंची ही बारीकसारीक गोष्ट वाटत नाही. पण गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाणी आणि गाड्या केव्हाच मागे पडल्या. तिथं धर्मांतर, बाहेरचा पैसा, 'ह्यांना आत्ताच कशाला वाढायचंय' हे सुरू आहे.

मला हे फार लागतं. वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले १८५२ साली. इथल्या ख्रिस्ती समाजाच्या कितीतरी पिढ्या इथंच जन्मल्या, इथल्याच शाळांत शिकल्या. शाहू महाराजांच्या काळात ह्या शहरात मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशी वसतिगृहं उभी राहिली, तशी ख्रिस्ती मुलांसाठीही सोय झाली. मोहरमला आपल्या तालमींत पंजे बसतात. त्या गावात शेजाऱ्याला 'बाहेरचा' म्हणायची जीभ उचलते कशी?

इथं टेक्सासमध्ये बाहेरचे आम्ही आहोत. आमच्या भागातल्या देवळाला वाढीव हॉल बांधायचा होता, तेव्हा सुनावणीला मी गेलो होतो. एक बाई उठल्या आणि 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' म्हणू लागल्या. आम्हाला वाटलं, मनात वेगळंच असणार. काहींच्या मनात असतंही. पण अध्यक्षांनी शांतपणे विचारलं, "कुठल्या वळणावर? किती वाजता?" मग उलगडलं. आरती आटोपून गाड्या निघाल्या की हेडलाइटचा झोत थेट त्यांच्या आजारी नवऱ्याच्या खोलीत पडायचा. आमच्या विश्वस्तांनी गाड्या बाहेर पडायचं फाटक पलीकडच्या बाजूला घेतलं आणि कुंपणाला दाट झाडी लावली. हॉल झाला.

झोनिंग, म्हणजे कुठली जागा कशासाठी वापरायची ह्याचा शहरानं ठरवलेला नियम, बदलायचं असेल तर इथं २०० फुटांच्या आतल्या जागामालकांना सुनावणीच्या १० दिवसांहून आधी लेखी नोटीस जाते. आपल्याकडे १९६६ च्या नगररचना कायद्यात अख्ख्या शहराच्या विकास आराखड्यावर हरकती मागवतात. एकट्या इमारतीचा नकाशा मंजूर करताना शेजाऱ्याला कुणी विचारत नाही. माझा मुख्य आक्षेप ह्यालाच आहे. सार्वजनिक वापराची इमारत असेल, मग ती देऊळ असो, मशीद असो, चर्च असो की मंगल कार्यालय, तर महापालिकेनं मंजुरीआधी आसपासच्या घरांना नोटीस द्यावी.

अमेरिकेत सगळं सुरळीत होतं असं मात्र अजिबात नाही. आमच्यापासून तासाभराच्या आत बर्नी नावाचं गाव आहे. तिथल्या सेंट पीटर चर्चला १९२३ ची इमारत पुरेना. ऐतिहासिक परिसर म्हणून शहरानं वाढीव बांधकामाला नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९७ मध्ये चर्च हरलं. शेवटी समझोता काय झाला? जुन्या इमारतीचा ८० टक्के भाग तसाच ठेवायचा आणि मागे नवं मोठं प्रार्थनागृह बांधायचं. समोरासमोर बसले असते तर हे पहिल्याच वर्षी सुचलं असतं, असं माझं ठाम मत आहे. पुढं २००० साली अमेरिकन संसदेनं कायदा केला, की प्रार्थनास्थळाला जमीनवापराच्या नियमांत इतरांपेक्षा वाईट वागणूक द्यायची नाही. वाहतूक, आवाज, सांडपाणी ह्यांवर हरकत घ्या, धर्मावर नाही.

महापालिका करेल तेव्हा करेल. आमच्या पंचकमिटीला कुणी अडवलेलं नाही. पाळकसाहेबांनी नकाशा घेऊन गल्लीत यावं. छताचं पाणी कुठल्या गटारात सोडणार, जोतं रस्त्यापासून किती वर, स्पीकर किती वाजता बंद, लग्नाच्या दिवशी गाड्या कुठं, हे कागदावर लिहून दोन्हीकडच्या सह्या व्हाव्यात. कमिटीनं हे आधीच करायला हवं होतं. मंजुरी हातात आहे म्हणजे शेजाऱ्यांना विचारायची गरज नाही, हे मला पटत नाही.

आणि गल्लीनंही हात आखडता घेऊ नये. गणपतीत मंडळाचे ट्रॅक्टर आणि मांडवाचं सामान चर्चच्याच आवारात असतं, पिढ्यान्‌पिढ्या. तालमीपुढचं पटांगण रविवारी सकाळी रिकामं असतं. उपासनेला येणाऱ्यांच्या गाड्यांसाठी ते देतो, असं मंडळाच्या पोरांनी पहिल्याच बैठकीत आपणहून सांगावं.