उद्या पहाटे गेम सेव्हन, आणि मी पेसर्सच्याच बाजूने आहे

उद्या, म्हणजे सोमवारी २३ जून २०२५ ला पहाटे साडेपाचला, एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या फायनलची सातवी आणि शेवटची मॅच. ओक्लाहोमा सिटी थंडर विरुद्ध इंडियाना पेसर्स, सिरीज ३-३. फायनल सातव्या मॅचपर्यंत जायला २०१६ नंतर आत्ता २०२५ उजाडावं लागलं, तेव्हा सोमवार आहे, लोकल पकडायचीय, ऑफिस आहे वगैरे काही सांगू नका, पाचचा अलार्म लावा, चहा टाका आणि बसा.

मी पेसर्सवाला आहे हे इथल्या बहुतेकांना माहितीये. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज येऊन खेळले होते, भारतातल्या पहिल्या एनबीए मॅचेस, प्रीसीझनच्या, म्हणजे सीझनआधीच्या सरावाच्या का असेनात. पहिली पेसर्सनी ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ ने काढली, दुसरी १३०-१०६ ने, आणि दुसरीला मी होतो. सहा फूट अकरा इंच हा आकडा टीव्हीवर नुसता वाचायचा असतो हो, तेवढा उंच माणूस समोरून फास्ट ब्रेकला सुटला की लाकडी फ्लोअर कसा दणदणतो ते तिथे बसल्यावर कळतं. त्या टीममधले मायल्स टर्नर आणि टी. जे. मकॉनेल या २०२५ च्या पेसर्समध्येही आहेत आणि उद्याही खेळतील.

आणि त्याच टीममध्ये डोमंटास सबोनिसही होता. हे नाव लक्षात ठेवा, कारण त्याच्याशिवाय ही फायनल झालीच नसती. २०१७ मध्ये पेसर्सनी त्यांचा स्टार पॉल जॉर्ज ओक्लाहोमाला दिला आणि बदल्यात व्हिक्टर ओलाडिपो आणि हा सबोनिस घेतला, तेव्हा सगळे म्हणत होते की पेसर्स पार फसले. मग २०१९ मध्ये ओक्लाहोमाने तोच जॉर्ज लॉस एंजेलिस क्लिपर्सना दिला आणि त्याच्या बदल्यात कोण आला, तर शे गिल्जस-अलेक्झांडर, वर ड्राफ्ट पिक्सचा, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या हक्कांचा ढीग, आणि त्यातल्याच एका पिकवर २०२२ मध्ये जेलेन विल्यम्स. इकडे पेसर्सनी फेब्रुवारी २०२२ मध्ये सबोनिसला सॅक्रामेंटोला पाठवून टायरीस हॅलिबर्टन आणला. सॅक्रामेंटोचे मालक विवेक रणदिवे, जन्माने मुंबईकर, आणि हॅलिबर्टनला त्यांनी का सोडलं हे मला आजही कळलेलं नाही. म्हणजे शे, जेलेन आणि हॅलिबर्टन, तिघांचीही मुळं त्या एका २०१७ च्या व्यवहारात आहेत. दोन छोटी शहरं, ना न्यूयॉर्क ना लॉस एंजेलिस, वर्षानुवर्षं धीर धरून टीम उभी केली आणि आज फायनलच्या शेवटच्या दिवशी समोरासमोर आहेत. मला तरी ही गेल्या कित्येक वर्षांतली सगळ्यात सुंदर फायनल वाटते, टीव्ही रेटिंगचं रडगाणं गाणाऱ्यांनी ते खुशाल गावं.

आता थंडर. ६८-१४ हा रेग्युलर सीझनचा रेकॉर्ड, लीगमधला सगळ्यात कडक डिफेन्स, शे यंदाचा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, आणि मॅचमागे ३२.७ पॉइंट काढून स्कोअरिंगमध्येही पहिला. घरच्या कोर्टवर या प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांमध्ये, दहा जिंकल्यात, दोनच हरलेत. डेन्व्हरविरुद्धची सातवी मॅच त्यांनी १२५-९३ ने जिंकली, ॲलेक्स कारूसोसारखा तुलनेने बुटका गार्ड डेन्व्हरचा उंचपुरा स्टार योकिचच्या अंगाला चिकटून उभा राहिला आणि योकिचला श्वास घेऊ दिला नाही. इतिहासही त्यांच्याच बाजूने आहे. फायनलच्या आतापर्यंतच्या १९ सातव्या मॅचेसपैकी १५ घरच्या टीमने जिंकल्या. पण उरलेल्या चार बघा: १९६९, १९७४, १९७८ आणि २०१६. त्यातल्या १९७८ ला घरच्या कोर्टवर हरलेली टीम होती सिएटल सुपरसॉनिक्स, आणि तीच फ्रँचायझी २००८ मध्ये ओक्लाहोमाला जाऊन थंडर झाली! तेव्हा इतिहास काढायचाच असेल तर पूर्ण काढा.

मला खरा राग येतो तो पेसर्स नशिबावर इथवर आले म्हणणाऱ्यांचा. याच प्लेऑफमध्ये मिलवॉकीविरुद्ध हॅलिबर्टनचा लेअप १.३ सेकंद असताना, क्लीव्हलँडविरुद्ध लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट १.१ सेकंद असताना, न्यूयॉर्कमध्ये तो रिमवर आपटून उंच उडालेला आणि सरळ आत पडलेला बॉल, आणि या फायनलच्या पहिल्याच मॅचमध्ये ०.३ सेकंद असताना मारलेला शॉट, ज्याच्या आधी त्या अख्ख्या मॅचमध्ये पेसर्स एकदाही पुढे नव्हते. एकदा झालं तर म्हणा की नशीब. चार वेगवेगळ्या टीमसमोर चार वेळा होतं तेव्हा त्यामागे काहीतरी असतं, आणि ते काहीतरी म्हणजे दमवणं. पेसर्सचा कोच रिक कार्लाइल नऊ-दहा माणसं बिनधास्त खेळवतो, बास्केट खाल्ली तरी बॉल लगेच आत टाकून पळतात, समोरच्या बॉल आणणाऱ्याला पूर्ण कोर्टभर धरतात, ४८ मिनिटं हेच चालू, आणि शेवटच्या पाच मिनिटांत समोरच्यांचे पाय जड होतात. हॅलिबर्टनला खेळाडूंच्याच पोलमध्ये सगळ्यात ओव्हररेटेड ठरवलं होतं याच सीझनला, त्यांनी आता काय ते बोलावं.

हां, गेम फोर मात्र घालवली आपण, ती आठवली की अजून पोटात तुटतं. घरची मॅच, सिरीजमध्ये २-१ ने पुढे, चौथ्या क्वार्टरला आघाडीवर, आणि शेने शेवटच्या पाचेक मिनिटांत एकट्याने १५ पॉइंट मारले. त्या दिवशी दमलेले आपण होतो.

उद्या माझं पहिलं लक्ष स्कोअरकडे नसणार, टर्नओव्हरकडे, म्हणजे हातातून घालवलेल्या बॉलकडे असणार. थंडरचा सगळा खेळ समोरच्याच्या हातातून बॉल काढून पळण्यावर उभा आहे. पाचव्या मॅचला पेसर्सनी वीसच्या वर बॉल घालवले आणि मॅच गेली. सहाव्या मॅचला उलटं, थंडरचे २१ टर्नओव्हर, त्यातले ८ एकट्या शेचे, आणि पेसर्स १०८-९१ ने जिंकले. पहिल्या मॅचला तर पेसर्सनी पहिल्या हाफमध्येच १९ बॉल घालवले आणि तरी जिंकले, पण तसं ओक्लाहोमात दुसऱ्यांदा होणार नाही, सातव्या मॅचला तर नाहीच.

आणि मकॉनेल! सहा फूट एक इंच, ड्राफ्टमध्ये कोणी घेतला नाही, वय ३३. नागपाड्याच्या कोर्टवर ज्यांनी मॅचेस बघितल्यात त्यांना असा गार्ड ओळखीचा वाटेल, बुटका, चिवट, सतत पायात पायात. याचा एक प्रकार नीट बघा. बास्केट झाल्यावर सगळे मागे पळायला लागतात, हाही दोन पावलं पळाल्यासारखं करतो, समोरचा बेसलाइनवरून बॉल आत टाकायला हात उचलतो आणि तेवढ्यात हा कबड्डीतल्या कोपरारक्षकासारखा झडप घालतो. तिसऱ्या मॅचला ५ स्टील, म्हणजे चोरलेले बॉल, सहाव्याला १२ पॉइंट, ९ रिबाउंड, ६ असिस्ट आणि ४ स्टील, आणि हे सगळं बेंचवरून येऊन. माझं म्हणणं आहे की उद्या कार्लाइलने त्याला नेहमीपेक्षा लवकर आणावा आणि जास्त वेळ ठेवावा.

कारण हॅलिबर्टनची पोटरी. पाचव्या मॅचला ती ओढली गेली, सहापैकी एकही शॉट पडला नाही, फक्त ४ पॉइंट, तेही फ्री थ्रोवर. सहाव्याला खेळेल की नाही हेच नक्की नव्हतं, खेळला, १४ पॉइंट केले, आणि हाफटाइमच्या जरा आधी बॉल चोरून न बघता टीममेट पास्कल सियाकमला दिलेला तो पास, सियाकमचा तो डंक, मी घरात एकटाच ओरडलो. पण तिथे मॅच लवकर संपल्यामुळे त्याला जेमतेम अर्धा वेळच खेळावं लागलं. उद्या तसं नशीब नसेल आणि तो स्वतःहून बाहेर बसणाऱ्यातला नाही. मला तो चाळीस मिनिटं नकोय. पंचवीस-अठ्ठावीस मिनिटं दे, बाकी बॉल आपला दुसरा गार्ड अँड्र्यू नेमहार्ड आणि मकॉनेल आणतील. पोटरी परत धरली तर सरळ बाहेर काढा, पोरगा २५ वर्षांचा आहे, पुढे सगळं करिअर पडलंय.

नेमहार्डचं काम सगळ्यात अवघड, त्याला शेला धरायचंय. दोघं कॅनडाचे, एकमेकांना चांगलं ओळखतात, आणि नेमहार्ड ज्या पद्धतीने छाती समोर ठेवून, हात मागे घेऊन त्याच्याबरोबर सरकतो तसं या लीगमध्ये फार कमी जणांना जमतं. पण पहिल्या पाच-सहा मिनिटांत त्याला दोन फाऊल लागून बाहेर बसावं लागलं तर सगळा प्लॅन कोलमडतो, कारण मग शेला कोण, जेलेनला कोण ही ओढाताण सुरू होते, आणि जेलेनने पाचव्या मॅचला ४० मारलेत हे विसरू नका.

दुसऱ्याच्या घरी सातवी मॅच खेळायची सवय मात्र पेसर्सना आहे. गेल्या वर्षी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये न्यूयॉर्क निक्सना १३०-१०९ ने हरवलं, ६७.१ टक्के शॉट पाडले, प्लेऑफच्या इतिहासातला रेकॉर्ड. हीच माणसं होती.

पेसर्सकडे एनबीएची एकही ट्रॉफी नाहीये. जुन्या एबीए लीगच्या तीन आहेत, १९७०, ७२ आणि ७३, पण १९७६ ला एनबीएत आल्यापासून शून्य. रेजी मिलर १८ वर्षं याच एका टीमसाठी खेळला, २००० मध्ये एकदाच फायनलला पोचला, समोर शॅक आणि कोबीचे लेकर्स, हरला ४-२ ने. तेव्हा लॅरी बर्डच्या शेजारी असिस्टंट कोच म्हणून कोण बसला होता? हाच रिक कार्लाइल. २०११ मध्ये डॅलसला घेऊन त्याने मायामीच्या घरात जाऊन ट्रॉफी उचलली, आता उद्या बघू.

माझा अंदाज, पेसर्स ४ पॉइंटनी. आणि फायनलचा एमव्हीपी सियाकम, कारण २०१९ मध्ये टोरांटोकडून त्याने गोल्डन स्टेटच्या कोर्टवर शेवटच्या मॅचला २६ मारून ट्रॉफी जिंकलीये, सहाव्या मॅचला १६ पॉइंट आणि १३ रिबाउंड आहेत, आणि हॅलिबर्टन लंगडत असताना बॉल शेवटी त्याच्याच हातात जाणार आहे.